उजव्या चाकाचा दांडा

३ फेब्रुवारी

ठमे,

मायना घालत नाही. तुला त्याची सवय नाही आणि मला इच्छा नाही.

तुझं पार्सल मिळालं. खोकं उघडलं तर आधी एक जुना टॉवेल निघाला, टॉवेलात अर्धा ॲक्सल निघाला आणि त्याखाली काहीच निघालं नाही. चिठ्ठी नाही, चिटोरं नाही. तीन वर्षांनी बहिणीला भावाची आठवण झाली आणि तिने लोखंड पाठवलं. दुकानाच्या मालकांसमोरच मी ते खोकं फोडलं. ते म्हणाले, "घरून खाऊ आला वाटतं?" मी म्हटलं, "हो, माझ्या बहिणीच्या हाताला हीच चव आहे."

आता पाठवलंच आहेस म्हणून सांगतो, नाहीतर मला काही पडलेली नाही. हा तुझ्या शर्यतीच्या गाडीचा, आपल्या बकरीचा, मागचा उजवा ॲक्सल आहे, म्हणजे उजवं चाक फिरवणारा दांडा. कसं ओळखलं म्हणशील. तुमचा ट्रॅक सारखा डावीकडे वळणारा, गाडीचा सगळा भार उजव्या चाकावर, मोडणार तर उजवाच मोडणार. त्याला काही पत्रिका बघावी लागत नाही. हा आतल्या टोकाला मोडला म्हणून चाक जागेवर राहिलं आणि तू धड आहेस. बाहेरच्या टोकाला, चाकाजवळ मोडला असता तर चाक दांड्याच्या तुकड्यासकट निघून तुझ्या पुढे पळालं असतं. तो देखावा तू एकदा पाहिलेला आहेस. मीही पाहिलेला आहे, कठड्यापलीकडून.

तुटलेल्या तोंडाजवळ नीट बघितलं असतंस (बघितलं नसशीलच) तर दांड्याच्या अंगावर बारीक तिरक्या चिरा दिसल्या असत्या. एकमेकींना छेदणाऱ्या, फुलीसारख्या. फुली कधी पडते? दांडा कधी या बाजूला आणि कधी त्या बाजूला पिळला गेला तर. शर्यतीची गाडी पुढे जाते, ठमे. तिचा दांडा जन्मभर एकाच बाजूला पिळला जातो. मग ही फुली कुठून आली? तू बकरी उलटी पळवतेस का? तुमच्या त्या हौशी क्लबात तसा काही नवा प्रकार निघाला असेल तर मला कल्पना नाही. पोट सुटलेली मंडळी रविवारी सकाळी हेल्मेट घालून एकमेकांच्या पुढे जातात आणि दुपारभर त्याचीच बढाई मारतात, एवढंच मला त्या क्लबाबद्दल ठाऊक आहे.

दांडा बसवला कोणी, हे विचारायची गरज नाही. मी निघालो तेव्हा तुझ्या नवऱ्याने छाती फुगवून सांगितलं होतं, "आता गाडीचं सगळं मी बघतो." बघ म्हणावं. टायर विकणाऱ्याला गाडी कळते असं ज्याला वाटतं, त्याने गुडघ्याचं ऑपरेशन चपलांच्या दुकानात करून घ्यावं. तू तुझ्या टायरवाल्याला गाडीखाली घातलंस आणि आता दांडे मोडतात म्हणून माझ्याकडे पार्सल करतेस. कौतुक आहे.

एक राहिलं. तीन वर्षांपूर्वी चाक निघून तू आदळलीस, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की ॲक्सल दादांनीच बसवला होता. आणि तू पलंगावरून, मनगटाला प्लास्टर, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "दादा, माझ्या गाडीला परत हात लावायचा नाही." मी लावलेला नाही. फक्त तेव्हा मोडलेला तो दांडा मला कोणी दाखवला नाही. टायरवाला म्हणाला, भंगारात गेला. गेला तर गेला. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

पुन्हा लोखंड पाठवू नकोस. मी आधीच पार्टच्या दुकानात काम करतो, माझ्याकडे पुष्कळ आहे.

कळावे. लोभ होता तेवढा सांडला.

दादा

२७ फेब्रुवारी

ठमे,

परत?

या वेळी आईच्या जुन्या स्वेटरमधे गुंडाळलेला. आईला विचारलंस तरी का? तिने रविवारी फोनवर सांगितलं की स्वेटर गच्चीवरून उडून गेला.  तिला एवढं म्हटलं की तुझ्या मुलीने नवाकोरा ॲक्सल मोडला. तर ती म्हणाली, "तुम्ही दोघांनी मला मधे घालायचं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी दोन कार्टी मीच जन्माला घातली, आता कोणाला सांगू?" आणि मग, मी विचारलेलं नसताना, तिने सांगितलं की तुझं डावं मनगट अजून पूर्ण वळत नाही आणि तू गिअर कोपरापासून हात फिरवून टाकतेस. मी विचारलेलं नव्हतं, हे लक्षात ठेव.

मागच्या शर्यतीत शेवटची फेरी उरली असताना गाडी थांबली. त्याआधी तू तिसरी होतीस. क्लबचं पत्रक आमच्या काउंटरवर येऊन पडतं. मी वाचत नाही, डोळ्यांसमोर असतं.

दांडा चांगला आहे. म्हणजे होता. धातू चांगला, घडण चांगली, पैसे टाकले असणार. तरी तीच जागा, तीच फुली. म्हणजे दोष दांड्यात नाही, त्याला बसवणाऱ्या नाहीतर चालवणाऱ्या माणसात आहे. नाचता येईना अंगण वाकडं. तुम्ही दोघं नवं अंगण विकत आणता आणि तेही वाकडं करता.

माझी जुनी पद्धत आठवते का? आठवत असेल तर कर, नसेल तर दोघं मिळून टाळ्या पिटा. दांडा बसवण्याआधी त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारायची. उजव्याला लाल, डाव्याला पांढरी. बकरीचे दोन्ही दांडे एकाच लांबीचे, हातात घेतले तर जुळे भाऊ, म्हणून हा रंग. रंग सांगतो दांडा कुठल्या बाजूचा आहे आणि रेघ सांगते तो किती पिळला गेलाय. आपण बकरीत इंजिन तिच्या ऐपतीबाहेरचं घातलंय, तेव्हा पीळ बसणारच. शर्यत झाल्यावर रेघ बघितली तर स्क्रूच्या आट्यासारखी जराशी फिरलेली दिसते. त्याला भ्यायचं कारण नाही. एका बाजूला पीळ बसलेला दांडा त्याच बाजूला वर्षानुवर्षं चालतो. त्याच्याकडून फक्त उलटं काम घ्यायचं नाही.

तुझं नवं लग्न झालं तेव्हा टायरवाला गॅरेजमधे येऊन उभा राहायचा. हात मागे बांधून, प्रदर्शनात आल्यासारखा. एकदा त्याने विचारलं, "दादा, या रेघा कशाला? शोभेला का?" मी म्हटलं, "हो, शोभेला." ज्याला शोभेपलीकडे काही दिसत नाही त्याच्याशी डोकं कोण फोडणार? गाढवापुढे गीता वाचायला मला वेळ नव्हता.

तर नवे दांडे आण, तू स्वतः रेघा मार, स्वतः बसव, आणि मग मोडला तर पाठव. मोडणार तर आहेच.

मी मजेत आहे. गिऱ्हाईक नंबर सांगतं, मी खोकं काढून देतो. मागे वर्कशॉप आहे. मालक म्हणतात, "तुला हातकाम येतं म्हणतोस, मग मागे का जात नाहीस? इथे माशा मारत उभा असतोस." मी त्यांना सांगितलंय की मला ग्रीसची ॲलर्जी आहे. हसू नकोस.

कळावे. लोभाचं दुकान बंद आहे.

दादा

२४ मार्च

ठमे,

या वेळी दोरीने चिठ्ठी बांधलेली होती. तीन वर्षांत तुझे पहिले दोन शब्द: "उजवीकडून निघाला." अक्षर अजून तसंच, मुंगी शाईत पडून कागदावर चालल्यासारखं.

आणि दांड्यावर रेघ. रंग आणायला बाजारात गेली नाहीस, नेलपॉलिश फासलंस. वास येतोय. चालेल, मी काही बोलत नाही. बोलायचं ते पुढे आहे.

रेघ पांढरी आहे.

ठमे, पांढरी रेघ डाव्या दांड्याला. तू लिहितेस उजवीकडून निघाला. तुला डावं-उजवं कळत नाही का? लहानपणी तुला चपला उलट्या घालायची खोड होती, आई सारखी ओरडायची, मला वाटलं ती खोड गेली. एवढं सविस्तर लिहिलं, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, लाल उजव्याला, पांढरी डाव्याला, आणि तू रेघ मारून दांडा दुसऱ्याच बाजूला घातलास! तुझ्या नवऱ्याला मी उगाच नावं ठेवत होतो. दगडापेक्षा वीट मऊ म्हणायचं, एवढंच.

आणि रेघ कशी आहे बघ. एवढ्या शर्यती झाल्यावर तिला पीळ दिसायला हवा. ती जवळजवळ सरळ आहे, कोऱ्या दांड्यावर मारल्यासारखी. त्याने फसू नकोस. ती आधी एकीकडे फिरली आणि मग उलटी फिरून जागेवर आली. तार तोडायची असली आणि पक्कड नसली तर आपण काय करतो? इकडे वाकवतो, तिकडे वाकवतो. तेच झालंय. फुली का पडत होती ते आता कळलं. हा दांडा दोन्ही बाजूंना राबलाय, आणि एका बाजूच्या चाकाला बसलेला पीळ दुसऱ्या बाजूला गेला की उलटा पडतो.

आता जे लिहितो ते नीट वाच. हा तुकडा आतल्या टोकाचा नाही. हा चाकापासून वीतभर अंतरावर मोडलाय. चाक निघालं नाही हे तुझं नशीब, शहाणपण नव्हे. आई म्हणाली, सरळ रस्त्यावर होतीस, वेग कमी केला होता. वळणावर असतीस तर? मला भीती वाटली. तुकडा हातात घेऊन मी काउंटरमागच्या स्टुलावर बसलो आणि मालकांनी पाणी आणून दिलं. ती गाडी बाहेर काढायची नाही. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तू माझं ऐकत नाहीस हे मला ठाऊक आहे, पण लिहून ठेवतो.

मी एवढा का चिडलो हेही सांगून टाकतो, कारण तुला ते आपणहून कळायचं नाही. त्या वेळचं चाक उजवंच निघालं होतं. त्याच्या आदल्या दिवशी मी तेलाचे सील बदलायला दोन्ही दांडे बाहेर काढले होते. वर्षभर चाललेले, दोघांनाही चांगला पीळ बसलेला. एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तेव्हा तू आलीस आणि आपलं भांडण झालं. कशावरून ते आठवतं का? ब्रेकच्या पॅडवरून. मी रागारागाने दांडे बसवले, चाकं लावली आणि निघून गेलो. कुठला दांडा कुठल्या बाजूला घातला ते मला आठवत नाही. रोज आठवून बघतो. एक दिवस लाल उजवीकडे दिसतो, दुसऱ्या दिवशी पांढरा. रागाच्या भरात मी ते उलटे बसवले असतील तर तुझं मनगट माझ्या हातांनी मोडलं. तो तुकडा बघायला मिळाला असता तर रंगावरून लगेच कळलं असतं. तो भंगारात गेला. मी दुसऱ्यांदा मागितला नाही, कारण मला बघायची हिंमत नव्हती.

ग्रीसची ॲलर्जी नाही मला. माझ्या हातांचा भरवसा राहिला नाही. तीन वर्षांत पाना धरलेला नाही.

आणि तू जी चूक करून पाठवलीस ती नेमकी तीच. म्हणून चिडलो.

दादा

२ एप्रिल

ठमे,

फोन करायचा तर दुपारी करू नये, तेव्हा काउंटरवर गर्दी असते. मालकांनी रिसीव्हर पुढे केला आणि म्हणाले, "बहीण आहे म्हणते, पण आवाजावरून वसुलीवाली वाटते." तुझा आवाज बदललेला नाही.

तू म्हणालीस, "मी बरोबर बसवले होते. लाल उजवीकडे, पांढरा डावीकडे." मी म्हटलं, "मग दांड्याला पाय फुटले का?" तू म्हणालीस, "त्याने बदलले. काल विचारलं तेव्हा कळलं. शनिवारी संध्याकाळी शर्यतीचे टायर चढवतो तेव्हा दांडे ओढून इकडचे तिकडे करतो. दर शर्यतीआधी. उजव्यावर भार जास्त येतो, तर झीज सारखी व्हावी म्हणून. टायरचं करतो तसं."

टायरचं करतो तसं! ठमे, मी फोन ठेवल्यावर गोदामात जाऊन हसलो. एका गिऱ्हाइकाला वाटलं मला फेफरं आलं. मी तुला किती प्रकार लिहिले, गाडी उलटी पळवतेस का, अंगण वाकडं आहे का, डावं-उजवं कळत नाही का. आणि हा सद्गृहस्थ लोखंडाला पाळीपाळीने विश्रांती देत होता! एक शनिवार या पोराला, एक शनिवार त्या पोराला, कोणावर अन्याय नको. ते टायर असते तर मी स्वतः त्याची पाठ थोपटली असती. मुद्दाम केलं असतं तर निदान माणसाला डोकं आहे असं म्हणता आलं असतं. पण हा मनापासून, घाम गाळून, गाडीखाली पाठीवर झोपून तुझ्या मरणाची तयारी करत होता, आणि काम झाल्यावर हात पुसून समाधानाने घरी येत होता. असा उंटावरचा शहाणा शोधून काढायला तुला किती गावं फिरावी लागली?

मग मी विचारलं, "कधीपासून करतो?" तू म्हणालीस, "लग्नानंतरच्या पहिल्या शर्यतीपासून." पहिली शर्यत कुठली ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. मी भांडून निघून गेलो, संध्याकाळी तो टायर चढवायला आला. त्याला बायकोच्या गाडीसाठी काहीतरी करून दाखवायचं असेल. नवा नवरा, दुसरं काय.

 आणि फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "पण त्याला तू कधी सांगितलं होतंस का, दादा?"

हा काय प्रश्न झाला? त्याला म्हणे सांगायला हवं होतं! दुकानदार माणूस, दोन वेगळे रंग दिसतात, त्यावरून कळू नये? मी "शोभेला" म्हणालो तेव्हा तो हसला होता. रेघेवरून बोट फिरवून म्हणाला होता, "छान दिसतात." असा चेहरा करून म्हणाला होता की... जाऊ दे. विषय तो नाही.

विषय हा आहे. त्याने दांडे बदलले एवढ्याने माझी सुटका होत नाही, आणि हे तुझ्या लक्षात आलं नसेल म्हणून लिहितो. मी बरोबर बसवले असतील आणि त्याने बदलले असतील, तर तुझ्या उजव्या चाकाबरोबर निघालेल्या तुकड्यावर रेघ पांढरी होती. मी रागात आधीच उलटे बसवले असतील, तर त्याने बदलून ते नकळत सरळ केले, म्हणजे तुकड्यावरची रेघ लाल. मग तो मोडला तो माझ्याच हातच्या दुसऱ्या कुठल्या तरी कर्माने. पांढरी की लाल, एवढंच. आणि ते सांगणारी एकमेव वस्तू भंगारात वितळून एव्हाना कुठल्या तरी खिडकीचा गज झाली असेल.

तू त्या दिवशी तुकडा पाहिला होतास का? आठवत असेल तर लिही. नसेल तर नको. आता तीन वर्षांत तसंही सवय झाली आहे.

टायरवाल्याला सांग, गाडीला हात लावायचा नाही. हे वाक्य तुला पाठ आहे.

दादा

१४ एप्रिल

ठमे,

खोकं मिळालं.

मालकांसमोर उघडलं नाही. खोलीवर नेलं, दार लावलं, खिडकीशी टेबल ओढलं आणि मग दोरी कापली. तुझ्या हाताची ती झोळी, प्लास्टर असताना गळ्यात बांधायचीस ती. तिच्यात गुंडाळलेला. मी झोळी ओळखली आणि तुकडा न बघता हातात धरून बसलो. वजनावरून कळलं की चाकाकडचं टोक आहे.

रेघ पांढरी आहे. माझीच, माझ्या ब्रशची, शेवटी जरा जाड झालेली.

मी बरोबर बसवले होते.

हे वाक्य मी मोठ्याने म्हणून बघितलं.  रडलो असं म्हणायला हरकत नाही, टायरवाल्याला सांगणार नसशील तर.

मग आईला फोन लावला, रविवार नसताना. विचारलं, हा तुकडा होता कुठे? ती म्हणाली, "तिच्या कपाटात, कपड्यांच्या मागे. दवाखान्यातून आल्याबरोबर तिनेच मागवून घेतला आणि नवऱ्याला सांगितलं, भंगारात गेला म्हण. मी एकदा विचारलं, हे लोखंड कशाला जपून ठेवलंयस? तर म्हणाली, हे दादाने बघता कामा नये. बघितलं तर तो खचेल."

ठमे, तू तेव्हाच रंग पाहिला होतास. उजव्या चाकाबरोबर पांढरी रेघ. त्याने दांडे बदललेत हे तुला ठाऊक नव्हतं, मग तुला दुसरं काय वाटणार? भावाने उलटे बसवले. तुझ्याकडे पुरावा होता आणि तू तो कपड्यांमागे लपवलास. मला ओरडलीस, घालवून दिलंस, पण तुकडा दाखवला नाहीस. आणि मी इथे तीन वर्षं टायरवाल्याला भंगारवाला म्हणत बसलो.

मूर्ख मुलगी. एवढी मूर्ख मुलगी मी दुसरी बघितली नाही. भावाला दार दाखवायचं आणि त्याची चूक कपाटात सांभाळायची, ही कुठली पद्धत? आणि ती चूकसुद्धा त्याची नव्हे! एक शब्द विचारला असतास, "दादा, पांढरा उजवीकडे कसा?" तर मी भांडलो असतो, टायरवाल्याला बोलावलं असतं, तो निरागसपणे म्हणाला असता, "मीच बदलले की," आणि सगळं दहा मिनिटांत आटोपलं असतं. तू विचारलं नाहीस, मी मागितला नाही, आणि तो बिचारा दर शनिवारी दांडे बदलत राहिला कारण त्याला कोणी काही सांगतच नव्हतं.

बिचारा हा शब्द चुकून पडला. पण खोडत नाही, पत्र खराब दिसेल.

त्याचं एक मला मान्य आहे. तू आदळलीस ती भिंत त्याच्याच दुकानातल्या टाकाऊ टायरांची होती. आपले जुने टायर त्याने क्लबाला दिले नसते तर तिथे नुसतं काँक्रीट होतं. टाकाऊ मालाशी त्याचं जमतं, मला तर वाटतं म्हणूनच त्याचं आपल्या घरात जमलं.

काल दुपारी मालकांच्या टेम्पोचा ब्रेक चिकटला होता. मी मागे वर्कशॉपमधे गेलो, पाना उचलला आणि काम करून आलो. मालक म्हणाले, "ॲलर्जी?" मी म्हटलं, "औषध मिळालं."  

शनिवारी येतोय. संध्याकाळी, तो टायर चढवायला येतो त्या वेळी. दोन नवे दांडे इथून घेऊन येतो, तुझ्या निवडीवर माझा विश्वास नाही. लाल आणि पांढरा रंगही आणतो, नेलपॉलिश तुझं तू लाव. त्याला सांग, तारेचे दोन तुकडे घेऊन बस. एक तार मी एकाच बाजूला पिळून दाखवीन, दुसरी इकडे आणि तिकडे, म्हणजे कुठली तुटते ते त्याला स्वतःच्या हाताने कळेल. मग रेघा कशासाठी ते सांगीन. सगळं सांगीन, त्याने विचारलं त्याच्यापेक्षा जास्त. त्याला कंटाळा येईल, झोप येईल, तरी सोडणार नाही. आणि नंतर रेघा त्यालाच मारायला लावीन. शोभेला.

गाडीला हात लावू का, हे मी विचारत नाही. तू नाही म्हणालीस तर तुझं ऐकायचं नाही असं मी आईला सांगून ठेवलंय.

आईला म्हण, स्वेटर गच्चीवरून उडून इथे आला होता. धुऊन आणतोय.

कळावे. लोभ आहे तो तिथे येऊन देतो, पोस्टात गहाळ होतो.

तुझा
दादा

ता. क. स्टेशनवर मला न्यायला बकरी घेऊन येऊ नकोस. तिच्या मागच्या दांड्यांचं मला सगळं माहीत आहे. चालत येईन.